अक्षरे कुठे हरवली?

मालेगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी माझे टंकलेखनाचे छोटेसे दुकान आहे. अर्ज, निमंत्रणपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका अशी कामे तेथे चालतात. गल्लीत रात्रंदिवस यंत्रमागांचा खडखडाट चालू असतो. आम्हांला त्याची इतकी सवय झाली आहे की, वीज गेली आणि माग थांबले म्हणजे उलट चुकल्यासारखे वाटते.

शेजारची एक मुलगी उर्दू माध्यमाच्या शाळेत नववीत शिकते. तिचे वडील वीस-बावीस वर्षे मागावर काम करीत आहेत. अलीकडे त्यांना कमी ऐकू येते. घरात त्यांच्याशी मोठ्याने बोलावे लागते. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी विषय निवडायची वेळ आली, तेव्हा तिने ‘यंत्रमागाचा आवाज आणि आपले कान’ हाच विषय घेतला.

तिने संगणकावर नऊ स्लाइडचे सादरीकरण तयार केले. प्रत्येक स्लाइडवर वर उर्दू मजकूर आणि खाली त्याचाच मराठी मजकूर होता. उर्दू मजकूर तिने स्वतः सुंदर नस्तालीक वळणात टंकित केला. मराठी मजकूर तिने कागदावर लिहिला, शाळेतल्या आपांकडून तपासून घेतला आणि माझ्याकडे आणून दिला. मी तो माझ्या दुकानातल्या संगणकावर टंकित करून दिला. पाचव्या स्लाइडवर तिने एक महत्त्वाची गोष्ट मोठ्या अक्षरांत लिहिली होती. आठ तासांच्या पाळीत कामगाराच्या कानांवर ९० डेसिबलपेक्षा अधिक आवाज पडू नये, असा कारखान्यांचा नियम आहे. ही गोष्ट परीक्षकांनी वाचावी, अशी तिची फार इच्छा होती.

प्रदर्शनात मात्र निराळेच घडले. तिने पेन ड्राइव्ह तेथील संगणकाला लावला आणि फाइल उघडली. शीर्षक एका ओळीत मावत होते, ते दोन ओळींत मोडले आणि खालच्या चित्रावर चढले. उर्दू मजकुराचे नस्तालीक वळण गेले. अक्षरे सरळ रेषेत, पसरट दिसू लागली आणि शेवटच्या दोन ओळी पडद्याच्या खाली गेल्या. मराठी मजकुराचे तर नावच नको. त्या जागी इंग्रजी अक्षरांची अर्थहीन रांग उभी होती. ‘आवाज’ हा शब्द जेथे होता, तेथे ‘व्ही, के, ओ, के, टी’ अशी पाच अक्षरे दिसत होती.

परीक्षक क्षणभर थांबले. “बेटा, हे कोणत्या भाषेत आहे?” त्यांनी विचारले. तिने तोंडी सांगायला सुरुवात केली. पण घाबरल्यामुळे तिला नीट सांगता आले नाही. परीक्षकांना पुढची दालने पाहायची होती. ते निघून गेले.

संध्याकाळी ती दुकानात आली. “काका, माझ्या पेन ड्राइव्हमध्ये व्हायरस गेला का?” तिने विचारले. मी फाइल उघडली. माझ्या संगणकावर मराठी मजकूर व्यवस्थित दिसत होता. व्हायरस नव्हता. तिची काही चूक नव्हती. मोठी चूक माझीच होती. ती कोणती, हे समजण्यासाठी संगणक अक्षरे कशी ठेवतो, हे आधी पाहावे लागेल.

मुलांनो, आपण कागदावर ‘क’ लिहितो, तेव्हा कागदावर ‘क’ची आकृती उमटते. तो कागद तुम्ही नाशिकला न्या नाही तर नागपूरला न्या, ‘क’ तसाच राहतो. संगणकाचे तसे नाही. संगणकाला आकृती ठाऊक नसते, त्याला फक्त अंक ठाऊक असतात. फाइलमध्ये अक्षर नव्हे, तर अक्षराचा क्रमांक ठेवलेला असतो. फाइल उघडली की संगणक तो क्रमांक वाचतो आणि त्या क्रमांकाचे चित्र शोधून पडद्यावर दाखवतो. ही चित्रे ज्या संचात असतात, त्या संचाला फॉन्ट म्हणतात.

म्हणजे तुम्ही कुणाला सादरीकरणाची फाइल देता, तेव्हा बहुधा तुम्ही त्याला केवळ क्रमांक आणि फॉन्टचे नाव देत असता. फॉन्ट तुमच्याच संगणकात राहतो. एखाद्याला स्वयंपाकाची कृती लिहून द्यावी आणि मसाला मात्र आपल्याच घरी ठेवावा, तसे हे आहे. समोरच्याकडे तोच मसाला असेल तर पदार्थ तसाच होईल. नसेल तर तो हाताशी असेल तो मसाला घालील. संगणकही हेच करतो. हवा तो फॉन्ट सापडला नाही, तर तो न विचारता दुसरा फॉन्ट लावतो.

आता ‘आवाज’ या शब्दाचे काय झाले ते पाहू. संगणक प्रथम इंग्रजी भाषेसाठी बनले. जुन्या पद्धतीत एका फॉन्टमध्ये फार तर २५६ क्रमांक मावत. त्यांपैकी महत्त्वाचे क्रमांक इंग्रजी अक्षरांना दिलेले होते. देवनागरीला स्वतंत्र जागा नव्हती. मग १९८० आणि १९९०च्या दशकांत आपल्याकडच्या कारागिरांनी एक युक्ती केली. त्यांनी क्रमांक इंग्रजीचेच ठेवले आणि त्यांवरची चित्रे बदलली. ‘व्ही’च्या जागी ‘अ’चे चित्र बसवले, ‘के’च्या जागी काना, ‘ओ’च्या जागी ‘व’ आणि ‘टी’च्या जागी ‘ज’. मग ‘व्ही, के, ओ, के, टी’ अशा कळा दाबल्या की पडद्यावर ‘आवाज’ उमटे. त्या पाच अक्षरांत ‘के’ दोनदा का आला, हे आता तुमच्या लक्षात आले असेल. ‘आवाज’ शब्दात काने दोन आहेत. मात्र फाइलमध्ये ११८, १०७, १११, १०७, ११६ हे इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक राहिले. तो फॉन्ट नसलेल्या संगणकाने ते क्रमांक प्रामाणिकपणे वाचले आणि इंग्रजी अक्षरे दाखवली. त्या बिचाऱ्याला येथे मराठी आहे, हे कळणार कसे?

ही युक्ती त्या काळी फार उपयोगी पडली, हेही सांगितले पाहिजे. तिच्यामुळे मराठी पुस्तके, मासिके, लग्नपत्रिका संगणकावर तयार होऊ लागल्या. माझ्यासारख्या टंकलेखकांना टंकयंत्राच्या सवयीच्या कळा तशाच वापरता आल्या. पण प्रत्येक बनवणाऱ्याने आपापल्या सोयीने चित्रे बसवली. कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी अशा निरनिराळ्या फॉन्टांत एकच मराठी अक्षर निरनिराळ्या क्रमांकांवर गेले. एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या मराठी फॉन्टमध्येही वाचता येईना. मी तीस वर्षे अशाच एका जुन्या फॉन्टमध्ये काम करीत आलो आणि त्या मुलीचा मजकूरही त्याच सवयीने त्यातच टंकित केला. प्रदर्शनातल्या संगणकात तो फॉन्ट असणार नाही, हा विचार माझ्या मनात आला नाही.

या गोंधळावरचा उपाय फार पूर्वीच निघाला होता. संगणकावर भारतीय भाषांसाठी पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने पुष्कळ काम केले. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ नावाची क्रमांकपद्धती मान्य केली. त्याच वर्षी जगातल्या सर्व लिप्यांसाठी ‘युनिकोड’ ही पद्धती प्रसिद्ध झाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या, १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली आहे. युनिकोडमध्ये प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. तो दुसऱ्या कोणत्याही अक्षराला मिळत नाही. ‘आवाज’ हा शब्द तेथे २३१०, २३५७, २३६६, २३३२ असा लिहिला जातो. यातला २३६६ म्हणजे काना. या क्रमांकांचा अर्थ जगातल्या कोणत्याही संगणकावर ‘आवाज’ हाच होतो. फॉन्ट बदलला तर अक्षराचे वळण बदलेल, पण अक्षर बदलणार नाही.

‘आवाज’ हा शब्द तुमच्या आणि माझ्या भाषेत एकच आहे. उर्दूत तो अलिफ-मद, वाव, अलिफ आणि झे या हरफांनी लिहितात. युनिकोडमध्ये त्यांचे क्रमांक १५७०, १६०८, १५७५ आणि १५८६ आहेत. त्या मुलीने उर्दू मजकूर युनिकोडमध्येच टंकित केला होता. म्हणून प्रदर्शनात उर्दू मजकुराचे वळण बिघडले, तरी तो वाचता येत होता. मराठी मजकूर मात्र मुळीच वाचता येत नव्हता. वळण जाणे आणि अक्षर जाणे यांतला फरक त्या एकाच स्लाइडवर दिसत होता.

पण वळण गेले तरी काय बिघडले, असे कुणी म्हणेल. उर्दूच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. नस्ख आणि नस्तालीक यांतला फरक तुम्हांला मी सांगायला नको. नस्खमध्ये हरफ सरळ आडव्या रेषेवर बसतात. नस्तालीकमध्ये शब्द उजवीकडून वरून सुरू होतो आणि डावीकडे खाली उतरत जातो. म्हणून नस्तालीक शब्द रुंदीला कमी आणि उंचीला जास्त जागा घेतो. नस्तालीक फॉन्ट सापडला नाही की संगणक बहुधा नस्ख वळणाचा फॉन्ट लावतो. मग शब्द आडवे पसरतात, ओळी वाढतात आणि चौकटीत मावणारा मजकूर चौकटीबाहेर जातो. उलट प्रकारही घडतो. नस्खसाठी आखलेल्या अरुंद ओळीत नस्तालीक बसवले, तर वरचे नुक्ते आणि खालचे घेर कापले जातात.

नस्तालीक संगणकावर आणणे हे साधे काम नव्हते. उर्दूत एकाच हरफाची रूपे किती बदलतात पाहा. ‘ऐन’ शब्दाच्या आरंभी निराळा, मध्ये निराळा, शेवटी निराळा आणि एकटा असला म्हणजे आणखी निराळा. नस्तालीकमध्ये तर शेजारी कोणता हरफ आहे, यावरही रूप ठरते. म्हणून कित्येक वर्षे उर्दू वर्तमानपत्रे कातिब हातानेच लिहीत आणि मग ती छापली जात. चेन्नईचे ‘द मुसलमान’ हे १९२७ मध्ये सुरू झालेले दैनिक तर एकविसाव्या शतकातही कातिबांच्या हस्ताक्षरात निघत होते. पाकिस्तानातील खुशनवीस अहमद मिर्झा जमील यांनी मोनोटाइप या कंपनीच्या साहाय्याने १९८१ मध्ये ‘नूरी नस्तालीक’ तयार केले. त्यासाठी जोडलेल्या हरफांच्या वीस हजारांहून अधिक आकृती त्यांना कराव्या लागल्या. एका फॉन्टमध्ये २५६ जागा आणि आकृती वीस हजार! पुढे १९९४ मध्ये भारतात तयार झालेल्या ‘इनपेज’मुळे नूरी नस्तालीक साध्या संगणकांवर आले. तेव्हा त्या आकृती अनेक फॉन्टांत विभागून ठेवाव्या लागल्या होत्या. युनिकोडमध्ये ही अडचण नाही. फाइलमध्ये फक्त ‘ऐन’चा क्रमांक असतो. कोणते रूप दाखवायचे, हे फॉन्ट आणि संगणक मिळून ठरवतात.

देवनागरीतही असेच आहे. ‘कि’ लिहिताना आपण पहिली वेलांटी आधी काढतो. पण युनिकोडमध्ये आधी ‘क’ आणि नंतर वेलांटी असा क्रम असतो. वेलांटी अक्षराच्या डावीकडे नेऊन ठेवणे हे काम संगणकाचे. जुन्या संगणकांना किंवा काही कार्यक्रमांना हे जमत नसे. तेथे वेलांटी अक्षराच्या मागे लटकलेली दिसे आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी पडत. असे काही दिसले तर तुमचे शुद्धलेखन चुकले असे समजू नका. त्या यंत्राला देवनागरी नीट जोडता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

उर्दू टंकित करणाऱ्यांनी मात्र एक काळजी घ्यावी. अरबी आणि उर्दू यांची लिपी बरीचशी सारखी असली, तरी काही हरफांचे क्रमांक वेगळे आहेत. अरबी ‘काफ’ वेगळा, उर्दू ‘काफ’ वेगळा. ‘ये’ आणि ‘हे’ यांचेही तसेच. अरबी कळफलकावर उर्दू लिहिले तर डोळ्यांना फरक जाणवत नाही. पण काही उर्दू फॉन्टांत ते हरफ नसतात. मग शब्दाच्या मधोमध एखादा हरफ परक्या वळणाचा दिसतो किंवा तेथे रिकामी चौकट येते. कळफलक ‘उर्दू’ असाच निवडावा.

रिकाम्या चौकटीची एक गंमत सांगतो. अक्षराचे चित्र कोणत्याच फॉन्टमध्ये सापडले नाही, की संगणक तेथे चौकट काढतो. इंग्रजीत या चौकटींना लोकांनी ‘टोफू’ असे नाव ठेवले. टोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधापासून केलेले, पनीरसारख्या चौकोनी वड्यांचे खाद्य. या चौकटी राहू नयेत म्हणून गूगलने जगातल्या लिप्यांसाठी फॉन्ट तयार करवले आणि त्यांना ‘नोटो’ नाव दिले. ‘नो टोफू’ यावरून ‘नोटो’. त्यांत देवनागरी आहे आणि नस्तालीक उर्दूही आहे. हे फॉन्ट विनामूल्य मिळतात.

शीर्षकाची गोष्ट राहिली. त्यात इंग्रजी शब्द होते आणि ते वाचताही येत होते. मग ते मोडले का? दोन फॉन्टांत अक्षरांची रुंदी सारखी नसते. समजा, नव्या फॉन्टमधले प्रत्येक अक्षर जुन्यापेक्षा केवळ एक विसांश रुंद आहे. चाळीस अक्षरांची ओळ आता बेचाळीस अक्षरांएवढी लांब होईल. शेवटचा शब्द खाली उतरेल, त्याच्यामुळे खालचे सगळे सरकेल. म्हणून काही फॉन्ट मुद्दाम दुसऱ्या फॉन्टच्या रुंदीबरहुकूम केलेले असतात. विंडोजवरील ‘कॅलिब्री’च्या जागी लिनक्सवर ‘कार्लिटो’ असला, तर ओळी मोडत नाहीत. प्रदर्शनातला संगणक लिनक्सचा होता आणि त्यात कार्लिटो घातलेला नव्हता.

आता आम्ही काय केले ते सांगतो. शाळेत पालकांची सभा होती. मुख्याध्यापकांनी तिला तेच सादरीकरण पालकांसमोर दाखवायला सांगितले. पालकांत मागावर काम करणारे पुष्कळ होते. तयारीला आठ दिवस मिळाले.

प्रथम मी जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला. हे काम करणारे कार्यक्रम मिळतात. नऊही स्लाइडना नोटोचे देवनागरी आणि नस्तालीक फॉन्ट लावले. उर्दू परिच्छेदांची दिशा उजवीकडून डावीकडे अशी ठरवून दिली. नाही तर वाक्याच्या शेवटचे चिन्ह उडी मारून दुसऱ्या टोकाला बसते. शीर्षकाच्या चौकटीत मुद्दाम थोडी जागा रिकामी सोडली.

फॉन्ट फाइलबरोबरच पाठवण्याची सोयही असते. पॉवरपॉइंटमध्ये ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘सेव्ह’ या क्रमाने गेल्यावर ‘एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल’ अशी चौकट सापडते. तिच्यावर खूण केली की फॉन्ट फाइलमध्ये भरला जातो आणि फाइल थोडी जड होते. मसाल्याची पुडी कृतीला बांधून दिल्यासारखे हे झाले. पण काही फॉन्टांच्या मालकांनी याला परवानगी दिलेली नसते आणि निराळ्या कार्यक्रमात फाइल उघडली तर ती पुडी सुटेलच अशी खात्री नसते. म्हणून त्याच सादरीकरणाची पीडीएफ प्रतही केली. पीडीएफमध्ये अक्षरांची चित्रे बरोबरच जातात. तीत काही हलवता किंवा दुरुस्त करता येत नाही, पण वाचता नक्की येते. काही जण स्लाइडचे छायाचित्रच पाठवतात. मला ती रीत आवडत नाही. छायाचित्रातला शब्द शोधता येत नाही आणि अंध विद्यार्थ्यांसाठी मजकूर वाचून दाखवणाऱ्या कार्यक्रमालाही तो सहसा वाचता येत नाही.

सभेच्या आदल्या दिवशी आम्ही दोघे शाळेत गेलो आणि ज्या संगणकावर सादरीकरण दाखवायचे होते, त्याच संगणकावर ते उघडून पाहिले. शीर्षक एका ओळीत होते. नस्तालीकचे नुक्ते शाबूत होते. पाचव्या स्लाइडवरचे ९० डेसिबल दोन्ही भाषांत स्वच्छ वाचता येत होते. मी समाधानाने उठलो. ती मात्र सातव्या स्लाइडपाशी थांबली आणि पडद्याजवळ जाऊन पाहू लागली. तेथे ‘दुसऱ्या पाळीचे कामगार’ असे हवे होते. मजकूर बदलताना कार्यक्रमाने ‘ऱ्या’च्या जागी रफार देऊन ‘दुसर्या’ केले होते. तीस वर्षे मराठी टंकित करणाऱ्या माझ्या नजरेतून ते सुटले होते.

“काका,” ती म्हणाली, “इथे रफार नको. आपांनी आम्हांला ‘सूर्या’ आणि ‘दुसऱ्या’ यांतला फरक शिकवला आहे.”

मी पुन्हा बसलो आणि ते अक्षर बदलले. मग आम्ही उरलेल्या दोन स्लाइडही सावकाश वाचून काढल्या.